नोकरी सांभाळून व्यसनमुक्ती गटात येताना

संध्याकाळी सातचा गट मी घेते. येणारे बहुतेक कामावरून थेट येतात: रिक्षावाले, बँकेतले, एमआयडीसीतले फिटर. भरती राहून उपचार घ्यायला सगळ्यांनाच रजा मिळत नाही, आणि घरी राहूनही दारू सुटते. मात्र त्याआधी डॉक्टर.

रोज पिणाऱ्याने ‘उद्यापासून गट, आजपासून बंद’ असं परस्पर करू नये. शेवटच्या पेगनंतर काही तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास होतात, माणूस बरळतो. यात जीव जातो. पूर्वी असं झालं असेल तर डॉक्टर आधी काही दिवस भरती व्हायला सांगतील, तेव्हा ऐका. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत दाखवता येतं; कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे.

घरच्यांना हात जोडून सांगते, डायसल्फिरामची, म्हणजे दारू सोडवण्यासाठी दिली जाणारी गोळी गुपचूप आमटीत घालू नका. वरून दारू पोटात गेली तर बीपी कोसळून माणूस दगावू शकतो. ती गोळी त्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

पहिल्या दिवशी नुसतं नाव सांगा आणि ‘आज ऐकतो’ म्हणा, चालतं. इथलं बोलणं इथेच राहतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात, त्यामुळे उपचाराची माहिती गुप्त राहणं हा तुमचा हक्क आहे.

बोलायला लागलात की एकच प्रसंग घ्या आणि तो बारकाईने सांगा. ‘टेन्शन होतं म्हणून घेतली’ यातून कुणाच्या हाती काही लागत नाही. तोच माणूस जेव्हा सांगतो, ‘पगार झाला होता, खिशात रोख होती, दुपारचा डबा तसाच होता, पाचला गेटबाहेर जुना दोस्त गाडी घेऊन उभा होता,’ तेव्हा समोरचे लगेच पुढे सरकतात. ‘रोख बायकोकडे दे.’ ‘डबा चुकवू नकोस.’ ‘पाचला मला फोन कर, मी त्याच शिफ्टला आहे.’ हे मला पुस्तकातून सांगता आलं नसतं. तलफ बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ फोनवर कुणीतरी हवं असतं. म्हणून गटातल्या दोघांचे नंबर पहिल्याच आठवड्यात घ्या.

दुसऱ्याला उपदेश करू नका. पिऊन गटात बसू नका. बाकीच्यांना तो वास सहन होत नाही. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंगा आहेत, त्यांनी तिकडे जावं. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगांना फी नसते, त्या गटाबरोबरच चालू ठेवा.

गर्द (ब्राउन शुगर) घेणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवा: काही दिवस बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते, मग जुनाच डोस जीव घेऊ शकतो.

आणि स्लिप झाली, म्हणजे सोडल्यावर पुन्हा घेतली तर? लोक इथेच गळतात. तोंड कसं दाखवू म्हणून आठवडा जातो, मग महिना. त्याच रात्री फोन करा, दुसऱ्या दिवशी शुद्धीत या, दारातच मला सांगा. त्या दिवशी पहिली पाळी तुमची. कुणी रागावणार नाही. किती वाजता, कुठे, कोणासोबत, एवढंच विचारू.