टीव्ही मधेच काळा पडायचा

लॅपटॉप एचडीएमआय केबलने (चित्र आणि आवाज नेणारी केबल) टीव्हीला जोडून 4के, 60 हर्ट्झवर (सेकंदाला 60 वेळा बदलणारं चित्र) लावला की पडद्यावर पांढरे ठिपके चमकायचे, मग टीव्ही काळाच पडायचा. नागपुरात बर्डीवरच्या दुकानदाराने सोन्याच्या मुलाम्याची महागडी केबल पुढे केली, म्हणे रंग खुलतील. अहो, एचडीएमआय डिजिटल आहे! सिग्नल नीट पोचला की चित्र तेच. मुलाम्याने टोकं गंजत नाहीत, एवढंच.

30 हर्ट्झ करून पाहिलं, चित्र लगेच स्थिर. म्हणजे कूलरमागून वळसा घालून आणलेल्या जुन्या लांब केबलला 4के, 60 हर्ट्झसाठी लागणारा सेकंदाला 18 गिगाबिट डेटा झेपत नव्हता. ‘प्रीमियम हाय स्पीड’चं (म्हणजे एवढा वेग तपासून प्रमाणित केल्याचं) स्कॅन करता येणारं लेबल असलेली, दोन मीटरची साधी केबल घेतली. आता 60 हर्ट्झवर मस्त चालतंय. भिंतीतून पंधरा मीटर न्यायची असेल, तर मात्र ऑप्टिकल (प्रकाशाने सिग्नल नेणाऱ्या) केबलवर जरूर खर्च करा.