शुगर, किडनी, दमा असलेल्यांनी व्हिटॅमिन सी कसं सांभाळावं

घरात कुणाला जुनाट आजार लागला की त्या माणसाच्या ताटातून एकेक पदार्थ जायला लागतो. शुगर निघाली की फळं बंद. किडनीचं निघालं की फळं तर बंदच, शिवाय भाजी उकळून पाणी फेकायचं. दमा असेल तर आंबट बंद, कवळी नीट बसत नसेल तर कोशिंबीर बंद. वर्षभरानं बघा, घर बेळगावात अनगोळला असो नाहीतर खानापूरकडच्या एखाद्या वाडीत, ताटात मऊ भात, वरण, गाळ होईस्तोवर शिजवलेला दुधी आणि ताक एवढंच उरलेलं असतं. पोट भरतं, पण व्हिटॅमिन सी म्हणाल तर नावालाच. आणि हे त्या पट्ट्यात, जिथून कोबी-सिमला मिरचीचे टेम्पो चोर्ला घाट उतरून रोज गोव्याला जातात.

पथ्य सोडा असं मी म्हणत नाही. पथ्याच्या आत राहून हे जीवनसत्त्व रोज पोटात कसं जाईल, तेवढंच इथे सांगायचं आहे.

आधी ठरवा: आपल्या घरात धोका कुणाला?

माणसाच्या शरीराला व्हिटॅमिन सी तयार करता येत नाही आणि फारसं साठवताही येत नाही. साठा असतो साधारण दीड ग्रॅमचा. खाण्यातून येणं अगदीच थांबलं तर एक ते तीन महिन्यांत लक्षणं दिसू लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये धडधाकट माणसासाठी रोजचं प्रमाण दिलं, ते पुरुषाला ८० मिलिग्रॅम आणि बाईला ६५.

आजारात हिशोब बदलतो. शुगर ताब्यात नसेल तर लघवीतून सी जास्त वाहून जातं. शिवाय या जीवनसत्त्वाचं एक रूप ज्या दारानं पेशीत शिरतं, त्याच दारानं ग्लुकोजही शिरतं, म्हणून रक्तात साखर फार असली की त्याला आत जायला अडचण होते. डायलिसिसमध्ये ते रक्तातून थेट धुतलं जातं. जुनी सूज, वारंवारचा जंतुसंसर्ग, कर्करोगाचे उपचार यांतही ते भराभर खर्च होतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला इतरांपेक्षा रोज ३५ मिलिग्रॅम जादा लागतं असं धरतात. निपाणीच्या तंबाखू पट्ट्यात हा मुद्दा हलका घेऊ नका. तिथे फुप्फुसाचा आजार आणि विडी पुष्कळदा एकाच माणसाला चिकटलेली असतात. रोजची दारू आणि एकट्यानं राहणारं म्हातारपण हेही यादीत धरा.

तीन दिवसांचं ताट लिहून काढा

रक्त तपासण्याआधी वही घ्या. रुग्णानं तीन दिवसांत काय खाल्लं ते लिहा आणि त्यातल्या कच्च्या किंवा ताज्या गोष्टींवर खूण करा. ‘भाजी खाल्ली’ एवढं लिहून भागत नाही. ती किती वेळ शिजली, पाणी टाकलं का, सोडा घातला का, सकाळची रात्री पुन्हा गरम केली का, तेही लिहा. व्हिटॅमिन सी पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं, हवेनं, सोड्यानं मरतं. उकडून, पाणी पिळून, मग फोडणीला टाकलेल्या पालेभाजीत ते थोडकंच उरतं.

इथे एक गैरसमज हमखास सापडतो. आंबट असलं की त्यात व्हिटॅमिन सी असणार, हा. चिंचेचं सार, आमसुलाची सोलकढी, ताक हे सगळं आंबट असतं, पण त्यात सी अगदी नगण्य. लिंबात आहे, तरी एका लिंबाच्या रसातून दहा-पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. सकाळी गरम पाण्यात लिंबू पिऊन दिवसाची बेगमी झाली असं समजू नका. खर्ड्यातली हिरवी मिरची खरोखर चांगली आहे, पण ती खाऊन खाऊन किती खाणार?

तीन दिवसांत एकही खूण पडली नाही तर पुढचं नीट वाचा.

अंगावरच्या खुणा बघा

हिरड्या सुजणं, दात घासताना रक्त येणं, जरासं आपटलं तरी काळंनिळं पडणं, जखम न भरणं, सांधे आणि पोटऱ्या दुखणं, उगाच थकवा. मांडीवर किंवा नडगीवर केसांच्या मुळाशी बारीक लाल ठिपके आणि स्प्रिंगसारखे वळलेले केस दिसले तर ती बरीच पक्की खूण, दाखवायला उशीर करू नका.

बाकी खुणांची पंचाईत अशी की त्या आजाराच्याच खात्यावर टाकल्या जातात. पायाची जखम भरत नाही म्हणजे शुगर. थकवा म्हणजे किडनी. हिरड्यांतून रक्त म्हणजे मिशेरी. हे खरंही असतं. मधुमेहात हिरड्या बिघडतात आणि मिशेरीनं तर बिघडतातच. म्हणून दाताच्या डॉक्टरांनाही दाखवा आणि ताटाची वहीही दाखवा.

रक्ततपासणी: लागली तरच

ही साधी तपासणी नव्हे. नमुना लगेच थंड करावा लागतो, उजेडापासून झाकावा लागतो आणि लवकर प्रक्रिया करून गोठवावा लागतो. बाटली टेबलावर तासभर उघडी राहिली तरी आकडा खाली येऊ शकतो. म्हणून करायचीच तर आधी लॅबला दोन प्रश्न विचारा: नमुना इथेच तपासता की बाहेर पाठवता, आणि पाठवता तर गोठवून पाठवता का? उत्तर देताना समोरचा घुटमळला तर दुसरी लॅब बघा.

उपाशीपोटी जा. आदल्या दिवशी सीची गोळी घेऊ नका. ताप किंवा न्यूमोनियासारखं काही चालू असेल तर थांबा, कारण त्या दिवसांत आकडा तसाही घसरतो. रिपोर्टमध्ये दर लिटरला ११ मायक्रोमोलच्या खाली, म्हणजे दर डेसिलिटरला सुमारे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर ती कमतरता. ११ ते २८ म्हणजे काठावर. ५० च्या पुढे उत्तम. हा आकडा गेल्या काही दिवसांचं खाणं सांगतो, वर्षभराचं नाही.

माझं विचाराल तर ताट कोरडं आहे हे वहीतच दिसत असेल, तर तपासणीवर पैसे घालण्याआधी ताट सुधारावं.

ताटात काय घालायचं: आजार बघून

*शुगर असेल तर* पेरू. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर सी असतं, म्हणजे मध्यम आकाराचा अर्धा पेरू दिवसभराला पुरतो. त्याचा रस काढू नका. नुसता खाववत नसेल तर कोशिंबीर करा. अर्धा पेरू बारीक चिरा, कवळीत अडकतात म्हणून मधला बियांचा गर काढा, दोन डाव घट्ट दही, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड घाला. मोहरी-मिरचीची फोडणी कढल्यात करून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच ओता. चिरल्यापासून अर्ध्या तासात ताटात गेली पाहिजे. जेवणासोबत खाल्ली तर एवढ्यानं शुगर उसळत नाही. खात्री हवी असेल तर जेवणानंतर दोन तासांनी मोजा.

आवळा त्याहून सरस. एका मध्यम आवळ्यात साधारण पाऊणशे ते शंभर मिलिग्रॅम सी मिळतं. तुळशीच्या लग्नाला बाजारात आवळे येतात, आपण दोन तुळशीपुढे ठेवतो आणि उरलेल्यांचा मोरावळा घालतो. मोरावळ्यात आवळ्याबरोबर साखर जाते, कँडीतही तेच. शुगरवाल्यासाठी ताजा आवळा किसून भाकरीबरोबर, किंवा मिरची-मीठ घालून ठेचून. खानापूर-चंदगडकडे उन्हाळ्यात काजूची बोंडं बागेत सडून जातात. त्यांतही सी पेरूच्या तोडीचं असतं. गोड आहेत, म्हणून एखादंच.

मेथीचा घोळाणा करत असाल तर तो आठवड्यातून तीनदा करा. कोबीची पचडी, कच्ची सिमला मिरची, शेवग्याचा पाला हेही चांगले. पाला शिजवायचा तर आधी धुवा, मग चिरा, थोड्या पाण्यात झाकण ठेवून पटकन शिजवा. लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर. तांब्याच्या भांड्यात हे काही ठेवू नका, तांब्यामुळे सी लवकर नासतं.

*किडनीचा आजार असेल तर* वरचं जसंच्या तसं लागू करू नका. पेरूत आणि शेवग्याच्या पाल्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि बिघडलेल्या किडनीला तेच झेपत नाही. भाजी उकळून पाणी टाकायला सांगतात ते पोटॅशियमसाठी, पण त्या पाण्याबरोबर सीही जातं. यातून वाट काढायची तर पोटॅशियम कमी आणि सी बऱ्यापैकी, असं थोडं काहीतरी निवडायचं: अननसाच्या दोन फोडी, मूठभर बारीक चिरलेला कोबी, हिरव्या सिमला मिरचीचे काप, भातावर लिंबू. किती, हे तुमच्या पोटॅशियमच्या रिपोर्टवर ठरतं. म्हणून रिपोर्ट घेऊन आहारतज्ज्ञाकडे जा. मोठ्या इस्पितळातून आहाराचा छापील कागद कन्नडमध्ये हाती पडला तर घरी येऊन अंदाज बांधत बसू नका. तिथल्याच नर्सबाईंकडून ओळ न् ओळ वाचून घ्या आणि मराठीत लिहून काढा. करमळ, म्हणजे चांदणीसारखं कापलं जातं ते आंबट फळ, किडनीच्या रुग्णानं अजिबात खाऊ नये. त्यातल्या विषारी घटकानं उचकी, गोंधळ, फिट आणि मृत्यूपर्यंत मजल जाऊ शकते.

*दमा, फुप्फुसाचा आजार, विडी* यांत आंबटाला घाबरण्याचं बहुधा कारण नसतं. ज्या फळानं खरोखर खोकला उठतो तेवढंच टाळा. आणि विडी सुटली तर तो ३५ मिलिग्रॅमचा जादा भार आपोआप जातो.

गोळी घ्यायची तर

मेडिकलमध्ये मिळणारी चघळायची गोळी बहुतेक ५०० मिलिग्रॅमची असते, रोजच्या गरजेच्या सहापट. खाण्यातून आणि गोळीतून मिळून रोज दोनशे ते चारशे मिलिग्रॅम गेलं की रक्तातली पातळी जवळजवळ भरते, त्यापुढचं लघवीत जातं. एका वेळी एक ग्रॅमच्या वर घेतलं तर त्यातलं निम्मंही आतड्यातून शोषलं जात नाही. बऱ्याच चघळायच्या गोळ्यांत साखर असते, वेष्टन बघा. तुम्ही घेत असलेल्या बी-कॉम्प्लेक्स कॅप्सूलमध्येही सी असू शकतं, काहींत १५० मिलिग्रॅम असतं. तेही मोजा.

कमतरता ठरली तर डॉक्टर काही आठवडे मोठा डोस देतात, तो भाग वेगळा. स्वतःहून मोठा डोस कुणी घेऊ नये? मुतखडा झालेल्यांनी, कारण जादा सीचं शरीरात ऑक्झलेट होतं. किडनी निकामी होत असलेल्यांनी आणि डायलिसिसवाल्यांनी, कारण तेच ऑक्झलेट बाहेर न पडता अवयवांत साचतं. त्यांना दिलंच तर साधारण ६० ते १०० मिलिग्रॅम दिलं जातं आणि तेही किडनीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांनी, कारण त्यांच्या अंगात आधीच लोह साचलेलं असतं आणि सीमुळे अन्नातलं लोह आणखी शोषलं जातं. उलट लोह कमी असलेल्या बाईला त्याचा फायदाच होतो. जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकराची उणीव असलेल्यांनीही दूर राहावं.

सीनं शुगर बरी होते, किडनी सुधारते असं कुणी सांगून डबा गळ्यात मारत असेल तर डबा परत करा.

मशीनचा आकडा फसवतो तेव्हा

पेरू चिरला, संत्रं सोललं आणि त्याच बोटाला सुई टोचून शुगर मोजली, तर बोटावरच्या फळाच्या साखरेनं आकडा खोटाच वर जातो. स्पिरिटच्या कापसानं पुसून भागत नाही. साबणानं हात धुवा, कोरडे करा, मग टोचा. नाहीतर तो आकडा बघून कुणीतरी इन्सुलिन वाढवायचं.

सीचा मोठा डोसही काही मशीनना चकवतो. दंडावर चिकटवायच्या काही सेन्सरच्या माहितीपत्रकात, रोज ५०० मिलिग्रॅमच्या वर सी घेतलं तर आकडा चढा दिसू शकतो असा इशारा असतो. लघवीच्या पट्टीवर उलटं होतं: साखर किंवा रक्त असूनही नाही असं दिसतं. शौचातलं लपलेलं रक्त तपासण्याच्या एका जुन्या प्रकारातही तसंच. तपासणीला जाताना ‘सीची गोळी चालू आहे’ हे न विचारता सांगा.

कधी परत दाखवायचं

खरंच कमतरता असेल तर थकवा काही दिवसांतच हटायला लागतो आणि हिरड्यांचं रक्त एक-दोन आठवड्यांत कमी होतं. जखमेला जास्त वेळ लागतो. दोन आठवडे नेमानं खाऊनही हिरड्यांतून रक्त येत राहिलं किंवा अंगावर नवे डाग उठत राहिले, तर सी वाढवत बसू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी सोबत घ्या आणि डॉक्टरांना प्लेटलेट तपासायला सांगा.