शॅमेलिऑन पाळताय? विदर्भाच्या उन्हात या चुका टाळा

पहिला पिंजरा ओसरीत मांडला तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "काऊन बे, म्हशी कमी पडल्या का, तं आता सरडे पोसून राहिला?" आता तेच काका संध्याकाळी नाकतोडे पकडून आणतात. ते नाकतोडे मी घेत नाही. का घेत नाही, ते पुढे सांगतो.

आधी कायद्याचं. पाऊस सरला की बांधावर, बोरीबाभळीवर डुलत डुलत चालणारा हिरवा सरडा दिसतो. कुणी त्याला घोयरा म्हणतं, कुणी सरडगुहिरा. तो आपला देशी शॅमेलिऑन. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण दिलंय, त्यामुळे त्याला धरून घरी आणणं हा गुन्हा आहे. "फुकट आणून देतो" म्हणणारा मित्र प्रत्येक गावात असतो, त्याला नाही म्हणा. घोयरा विषारी नाही, रक्तही शोषत नाही. रस्ता ओलांडत असेल तर ज्या बाजूला निघालाय त्या बाजूच्या झुडपावर सोडा, झालं.

लोक पाळतात तो बहुतेक वेळा येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातला, डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड शॅमेलिऑन. तो साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली, कुणाला दिली, जनावर मेलं, तरी कळवावं लागतं. विकणारा "कागदाचं नंतर पाहू" म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

आता माझ्या चुका. त्यातल्या बहुतेकांचं मूळ एकच: मोबाइलवरचे व्हिडिओ. ते बनवणारे थंड देशांतले, त्यांची निम्मी अक्कल जनावराला ऊब कशी द्यायची यातच खर्च होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. पहिल्या उन्हाळ्यात मी त्यांचं ऐकून दिवसभर बल्ब चालू ठेवला. दुपारी पाहिलं तर नर फिक्कट पिवळा पडून, तोंड वासून, पिंजऱ्याच्या तळाशी आला होता. तोंड उघडं आणि रंग फिका म्हणजे उष्णता असह्य झाली. उलट अंग काळपट पडलं तर थंडी, भीती किंवा आजारपण. रंग पाठीमागच्या पानाशी जुळवायला बदलतो, हा आपला गैरसमज. बिचारा स्वतःची हालत सांगत असतो.

त्याला ऊन खायची जागा 29 ते 32 अंशांची आणि बाकी पिंजरा 25 च्या आसपास लागतो. म्हणून मार्च ते जून बल्ब बंद. पिंजरा घरातल्या सर्वांत गार खोलीत, कूलरच्या झोतापासून बाजूला. झोत थेट अंगावर नको. काचेची पेटी तर अजिबात नको, ती उन्हात भट्टी होते. चारही बाजूंनी जाळी हवी. "वाळवंटातला प्राणी आहे, सोसेल" असंही ऐकाल. तो येमेनच्या डोंगरातला, दवाचं पाणी चाटणारा आहे.

पाण्याची गोष्ट त्यातूनच निघते. वाटीतलं साचलेलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही, पानावरून ओघळणारा थेंब दिसला तरच जीभ लावतो. मी मेडिकलमधून सलाईनचा नवा सेट आणला, पाण्याची बाटली वर टांगली आणि चाक फिरवून जास्वंदीच्या पानांवर सेकंदाला एक थेंब सोडला. खाली घमेलं. वीस रुपयांचं काम. लाइट गेली तरी चालतं, आणि आपल्याकडे लाइट नेमकी दुपारीच जाते. विष्ठेतला पांढरा भाग पिवळा-केशरी दिसला किंवा डोळे खोल गेले, तर पाणी कमी पडतंय. पिंजऱ्यात जास्वंद किंवा मनीप्लांट ठेवा. कण्हेर चुकूनही नको. हा सरडा पानं खातो आणि कण्हेर विषारी आहे.

खिडकीच्या काचेतून येणारं ऊन फुकट जातं, कारण हाडांसाठी लागणारे यूव्हीबी किरण काच अडवते. सकाळी सात ते आठ जाळीचा पिंजरा अंगणात ठेवा, अर्धा सावलीत. यूव्हीबीची ट्यूब वापरत असाल तर ती उजेड देत राहते पण वर्षभरात किरण कमी होतात, म्हणून बदला. कॅल्शियमची पूड किड्यांवर भुरभुरवा. पानाचा चुना नव्हे! एकानं खरंच विचारलं होतं. चुना तोंड भाजतो.

आणि काकांचे नाकतोडे. ते पऱ्हाटीतून, म्हणजे कपाशीतून येतात, पऱ्हाटीवर फवारणी असते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना माणसं दगावली, तिथं शंभर ग्रॅमचा सरडा काय टिकणार. रातकिडे घरीच वाढवा.

सर्वांत महाग पडलेली चूक मात्र मादीची. नर नव्हता, म्हणून अंडी येणार नाहीत असं मी धरून चाललो. या जातीची मादी नराशिवायही अंडी धरते, कधी कधी सहा महिन्यांची होण्याआधीच. ती चार दिवस तळाशी येरझाऱ्या घालत होती, कोपरा उकरत होती. मला वाटलं खेळतेय. घालायला जागा मिळाली नाही आणि अंडी पोटातच अडकली. तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले, "मी गाई-म्हशी पाहतो, हे आपल्याले जमत नाही." नागपूरला न्यायच्या आतच गेली.

म्हणून मादी असेल तर तिच्यासाठी फूटभर खोल रेतीचं टोपलं कायम ठेवा. आपली काळी माती चालत नाही, ओली असताना चिकटते आणि सुकली की भेगाळते. धुतलेली नदीची रेती घ्या, मुठीत दाबली तर गोळा राहील इतकीच ओली. ती खणायला लागली की पिंजऱ्यावर चादर टाका. डोकावलात तर अर्धं बीळ सोडून देते. गरमी आणि खाणं जास्त झालं की अंडीही जास्त येतात, साठ-सत्तरपर्यंत, आणि मादी झिजते. मोठ्या मादीला एक दिवसाआड चारपाच किडे पुरेत.

जोडी लावायची तर मादी वर्षाची होऊ द्या. नर समोर आल्यावर ती काळी पडून, तोंड उघडून डुलली, तर तिची तयारी नाही. लगेच वेगळं करा. मिलन झालं तरी दोघांना एका पिंजऱ्यात ठेवायचं नाही. मी मृग लागल्यावर जोडी लावतो. महिनाभरात अंडी येतात, 27-28 अंशांत पिल्लं निघायला सहा-सात महिने लागतात, म्हणजे मे महिन्याचा भाजणारा काळ अंड्यांना पाहावाच लागत नाही. दिवाळीत आलेली अंड्यांची एक खेप अशीच उन्हाळ्यात सापडून सडली.

अंडी काढताना वरच्या बाजूला पेन्सिलनं खूण करा आणि तशीच ठेवा, उलटू नका. पाणी अंड्यांवर मारू नका, आजूबाजूचा व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारा खनिजाचा भुगा) दमट पुरे. शेवटच्या महिन्यात पिकली केळी डब्यात ठेवून चिलटं वाढवायला घ्या, कारण चाळीस पिल्लांना एकदम भूक लागते. अंड्यांवर घामासारखे थेंब आले की दिवस भरले समजा. कवच चिरलं तरी पिल्लू दिवसभर आतच डोकं ठेवून पडून राहतं. तेव्हा चिमटा घेऊन मदतीला धावू नका, आतलं बलक ते अजून ओढून घेत असतं.