फ्रीबीएसडीवर घड्याळाची दुरुस्ती हजारपट कमी पडत होती : माझा अनुभव

लिनक्सवरचा घड्याळ जुळवणारा छोटा सी प्रोग्राम फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नेला. तिथे लिनक्सचा घड्याळ दुरुस्त करणारा ॲडजटाइमेक्स हा कॉल नाही, म्हणून दोन्हीकडे मिळणारे एनटीपी_ॲडजटाइम वापरले. या कॉलला जे स्ट्रक्चर (माहितीचा संच) द्यायचे, त्यातले टिक हे फील्डही तिथे नसते, ते काढले. प्रोग्राम कंपाइल झाला, एररही नाही. पण ५ मिलिसेकंदांचा फरक भरून निघेना. रीबूटनंतर मात्र सगळे सुरळीत, आणि नेहमीची वेळ-सेवा चालवून बंद केली की पुन्हा तेच.

टाइम कॉन्स्टंट (दुरुस्तीचा वेग ठरवणारा आकडा) बदलला, एसटीए_पीएलएल हा दुरुस्ती चालू करणारा फ्लॅग लावलेला आहे का ते तपासले; उपयोग शून्य. एरर नसलेला बिघाड शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

कारण ऑफसेटच्या, म्हणजे भरून काढायच्या फरकाच्या, एककात होते. एसटीए_नॅनो हा फ्लॅग लागलेला असेल तर कर्नल (सिस्टिमचा गाभा) तो आकडा नॅनोसेकंद समजतो, नसेल तर मायक्रोसेकंद. हा फ्लॅग प्रोसेसचा नाही, अख्ख्या कर्नलचा. आधीच्या सेवेने लावला तो तसाच राहिला. ५ मिलिसेकंदांसाठी मी मायक्रोसेकंद धरून दिलेले ५००० म्हणजे तिथे जेमतेम ५ मायक्रोसेकंद! लिनक्समध्येही कर्नल २.६.२६ पासून हीच सोय आहे, त्यामुळे तिथेही गाफील राहू नका.

उपाय याच क्रमाने करा. स्ट्रक्चर शून्याने भरा. मोड्समध्ये (काय बदलायचे ते सांगणाऱ्या फील्डमध्ये) फक्त मॉड_नॅनो, म्हणजे नॅनोसेकंद निवडणारा फ्लॅग, देऊन कॉल करा. मग मोड्स ० ठेवून पुन्हा कॉल करा आणि स्टेटसमध्ये एसटीए_नॅनो दिसते का पाहा. दिसले तर ऑफसेट नॅनोसेकंदांत, नाहीतर मायक्रोसेकंदांत काढा आणि मगच मॉड_ऑफसेटने पाठवा. फ्रीक्वेन्सीच्या (घड्याळाच्या वेगाच्या) फील्डला हात लावू नका. त्याचे एकक या फ्लॅगने बदलत नाही; दोन्हीकडे ६५५३६ म्हणजे १ पीपीएमच (दहा लाखांत एक भाग).