घरात रोपं तयार करताय? मुंबईच्या हवेत या चुका टाळा

ऑगस्ट लागला की बागकामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. ट्रेमध्ये लांबुडकी, फिकट रोपं, सगळ्यांच्या माना खिडकीकडे झुकलेल्या, आणि खाली प्रश्न: ‘यांना कोणतं खत घालू?’ कोणतंही नको. त्यांना उजेड हवाय.

घरात ट्रेवर बी रुजवून वर ग्रो लाइट (रोपांना उजेड द्यायचा दिवा) लावायची पद्धत बहुतेकांनी थंड देशांतले व्हिडिओ बघून उचललेली असते. तिथे बाहेर बर्फ असतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये बी घरात लावायचं, ट्रेखाली गरम चटई, वर प्लॅस्टिकचं झाकण, आणि हिमाची भीती सरली की रोपं बाहेर. मुंबईत यातलं एकही कारण लागू पडत नाही. इथे ऊब बारा महिने फुकट मिळते. आपली अडचण अशी की पावसाळ्यात ऊन नसतं, हवा ओलीकिच्च असते आणि निम्म्या घरांच्या खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत असते. म्हणजे आपल्याला दिवा हवा, वारा हवा. चटई आणि झाकण नको. हे डोक्यात पक्कं नसलं की पुढच्या चुका आपोआप होतात.

पाकिटावरच्या तारखा पाळणं

कुंडीतल्या भाजीचा मुंबईतला खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. हवामान खात्याच्या तक्त्यात मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. तिथून उलटं मोजा. टोमॅटोचं रोप २५ ते ३० दिवसांत लावणीला येतं, म्हणजे बी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडायला हवं. मिरची, वांगं, ढोबळी मिरची सावकाश चालतात, ३५ ते ४५ दिवस घेतात, त्यामुळे त्यांचे ट्रे ऑगस्टच्या शेवटाला भरलेले बरे. परदेशी पाकिटावरचं ‘शेवटच्या हिमाच्या सहा ते आठ आठवडे आधी’ हे वाक्य वाचून जे फेब्रुवारीत टोमॅटो लावतात त्यांचं झाड छान वाढतं, फुलतं, आणि एप्रिलमध्ये फुलं पटापट गळतात. रात्रीचं तापमान २४ अंशांच्या खाली उतरेनासं झालं की टोमॅटोला फळ नीट धरत नाही. मग लोक फुलगळ थांबवायला म्हणून बोरॉन फवारत बसतात.

आणि सगळंच ट्रेत लावायचं नसतं. मुळा, गाजर, मेथी, कोथिंबीर थेट कुंडीत पेरा. मुळा-गाजर उपटून लावले की फाटे फुटतात, कोथिंबिरीला मूळ हललेलं खपत नाही. काकडी, दुधी, कारलं घरात रुजवायचंच असेल तर कागदी कपात एकेक बी, आणि लावताना मुळांभोवतीची माती अजिबात न फोडता.

दिवा लांब टांगणं

सगळ्यात जास्त रोपं या एका चुकीने वाया जातात, म्हणून इथे थोडं थांबू.

आपले डोळे फसवे असतात. संध्याकाळी दिवाणखान्यात ट्यूब लावली की आपल्याला लख्ख वाटतं, पण टेबलावर तो उजेड जेमतेम शंभर-दोनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतो. भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या आसपास असतं. मोबाइलवर लक्स मोजायचं फुकट ॲप असतं, ते फार अचूक नसलं तरी एकदा खिडकीत धरा, मग दोन फूट आत धरा. आकडा कसा कोसळतो ते बघितलं की ‘आमच्या घरात भरपूर उजेड आहे’ हे वाक्य आपण पुन्हा बोलत नाही. दिव्याचंही तसंच. छताला लावलेली ट्यूब, मग ती ‘ग्रो लाइट’ म्हणून तिप्पट भावाने घेतलेली असो, खालच्या ट्रेपर्यंत पोचेतो तिच्यात दम राहत नाही.

भाजीच्या रोपांसाठी महागडं काही लागत नाही. लोहार चाळीत किंवा नाक्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी वीस वॉटची चार फुटी एलईडी बॅटन, खोक्यावर ६५०० के किंवा ‘कूल डे लाइट’ लिहिलेली, पुरते. एक फूट रुंद फळीवर अशा दोन शेजारी शेजारी लावा. महत्त्वाचं अंतर: रोपाच्या शेंड्यापासून चार बोटं ते अर्धी वीत. रोपं वाढतील तशी बॅटन वर उचलता यावी म्हणून ती साखळीला किंवा दोरीला टांगा. फळीच्या बुडाला स्क्रूने ठोकून टाकली की ट्रेखाली पुस्तकं रचत बसावं लागतं. तेही चालतं म्हणा.

दिवा कोंब दिसेल त्याच दिवशी सुरू करायचा. ‘दोन पानं येऊ देत, मग लावू’ म्हणून थांबलात तर टोमॅटोचं रोप तेवढ्यात उंच होऊन लुळं पडतं, आणि वाढलेला दांडा मागे घेता येत नाही. टोमॅटोला निदान एक सवलत आहे: लांबलेला दांडा बीजदलांपर्यंत (कोंबाच्या पहिल्या दोन पानांपर्यंत) मातीत पुरला की त्याला तिथून मुळं फुटतात. मिरची-वांग्याला ही सवलत फारशी नाही, तिथे नवीन बी लावणं स्वस्त पडतं.

रोज चौदा ते सोळा तास उजेड, बाकी अंधार. चोवीस तास दिवा ठेवल्याने वाढ दुप्पट होत नाही. टोमॅटोची पानं तर सततच्या उजेडात पिवळी पडतात. सॉकेटमध्ये खोचायचा टायमर घ्या, कारण ‘मी सकाळी लावीन, रात्री बंद करीन’ हा बेत पहिल्या लग्नाच्या आमंत्रणापर्यंतच टिकतो. बिलाची धास्ती असेल तर हिशेब सोपा आहे: दोन बॅटन मिळून चाळीस वॉट, पंधरा तास, म्हणजे दिवसाला ०.६ युनिट. महिन्याला अठरा युनिट.

जांभळ्या दिव्यांबद्दल सारखं विचारलं जातं. त्यांच्यावर रोपं वाढतात, पण त्या उजेडात पान हिरवं आहे की पिवळं हेच कळत नाही, आणि रोगाची पहिली खूण नजरेतून सुटते. माझ्या मते घरात पांढराच दिवा बरा. उलट बाजूची चूकही होते: ऑनलाइन घेतलेला शंभर वॉटचा एलईडी बोर्ड ट्रेच्या डोक्यावर टेकवून ठेवायचा. पानं वर वळून पांढुरकी व्हायला लागली की समजा दिवा जास्त होतोय. दीड-दोन फूट वर न्या.

एक्स्टेन्शन बोर्ड ट्रेच्या खाली जमिनीवर ठेवू नका. एवढं सांगायची गरज पडू नये, पण पडते.

झाकण, पाणी आणि कोलमडलेली रोपं

रात्री उभी असलेली रोपं सकाळी आडवी. पानं अजून हिरवीगार, टवटवीत, म्हणून वाटतं पाणी कमी पडलं असेल, आणि माणूस पेलाभर ओततो. एक रोप उचलून नीट बघा. मातीला टेकतो तिथे दांडा पाणचट, तपकिरी आणि सुतासारखा बारीक झालेला असतो. जरा ओढलं की तिथूनच तुटतं. ही तहान नव्हे, हा ‘रोपं कोलमडणं’ नावाचा रोग. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरश्या हे काम करतात, आणि ओली, स्थिर हवा त्यांना मानवते. ऑगस्टमधल्या मुंबईत वर पुन्हा प्लॅस्टिकचं झाकण घालणं म्हणजे त्यांना घरी बोलावणं.

पडलेलं रोप उठत नाही. हळद भुरभुरवा, दालचिनी भुरभुरवा, नाही उठत. त्या खणातली रोपं आणि माती दोन्ही काढून टाका, शेजारचे खण कोरडे होऊ द्या आणि पंखा लावा. पुढच्या खेपेला मात्र बरंच टाळता येतं. झाकण हवंच असेल तर कोंब दिसेपर्यंत, त्यानंतर काढायचं. छोटा टेबल फॅन मंद करून ट्रेवरून वारा वाहता ठेवा, पानं जेमतेम हलली पाहिजेत. जुना ट्रे पुन्हा वापरताना धुऊन, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात घालून दहा मिनिटं बुडवून, परत धुऊन वाळवा. माती भरताना थोडी ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशीची) पावडर मिसळा. ती आधी घातली तर उपयोगी, रोग आल्यावर नव्हे.

पाणी वरून शिंपडण्यापेक्षा खालून द्या. ट्रे पसरट ताटलीत ठेवून अर्धा इंच पाणी घाला, वरची माती ओलसर दिसली की उरलेलं ओतून टाका. मग पुन्हा कधी? ट्रे उचलून बघा. हलका लागला तरच. पावसाळ्यात दोन-दोन दिवस पाणी लागत नाही; सकाळच्या चहाबरोबर रोज स्प्रे मारायची सवय रोपांपेक्षा आपल्यालाच जास्त सुखावते. ट्रेवर बारीक काळी चिलटं उडायला लागली तर तीही ओल जास्त झाल्याचीच खूण. पालिकेच्या पाण्यातल्या क्लोरीनने रोपं मरतात असंही सांगितलं जातं; नळाच्या पाण्यात असतो तेवढ्याने काही होत नाही.

लाल माती किंवा नुसतं कोकोपीट

नर्सरीतली लाल माती ट्रेच्या छोट्या खणात भरली की दोन पाण्यांत तिची वीट होते. ती कुंडीसाठी ठेवा. ट्रेसाठी कोकोपीट बरं, पण तेही दुकानातल्या दाबलेल्या विटेतून काढून थेट नाही. नारळाच्या काथ्याच्या या भुशात क्षार असतात, विशेषतः सोडियम आणि पोटॅशियम. भिजवून, पिळून, दोन-तीनदा पाणी बदला. मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब पडावा, धार लागू नये. त्यात चौथा हिस्सा चाळलेलं गांडूळखत आणि मिळालं तर थोडं परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे).

नुसत्या कोकोपीटमध्ये बी झकास उगवतं आणि खरी पानं (बीजदलांनंतरची) आली की रोप पिवळं पडतं, कारण त्यात अन्न जवळजवळ नसतं. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) अर्धा ग्रॅम लिटरभर पाण्यात, आठवड्यातून एकदा, पहिली खरी पानं उघडल्यावर. त्याआधी नको.

‘बी खराब निघालं’

कधी कधी खरंच खराब असतं. ओट्याच्या वरच्या कपाटात दोन पावसाळे काढलेल्या बियांकडून फार अपेक्षा नको. घट्ट झाकणाच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवलेलं बी जास्त टिकतं. दहा बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत ठेवल्या की आठवड्यात खरं-खोटं कळतं. मिरचीला मात्र दहा-बारा दिवस द्या, चौथ्या दिवशी उकरून बघू नका.

लेट्यूसची तक्रार निराळी. तीस अंशांच्या आसपास त्याचं बी झोपी जातं, मेलेलं नसतं. भिजवून एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा किंवा ट्रे रात्री एसीच्या खोलीत न्या, आणि बी मातीने झाकू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. पालकाच्या एका ‘बी’तून दोन-तीन कोंब आले तर घाबरायला नको, तो बियांचा झुबकाच असतो, एक ठेवून बाकीचे कात्रीने कापा. उपटले तर राहिलेल्याचंही मूळ हलतं.

एकदम उन्हात नेणं

दिव्याखाली महिनाभर लाडात वाढलेलं रोप ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी गॅलरीत ठेवलं की संध्याकाळपर्यंत पानांवर पांढरे चट्टे पडतात. पहिले दोन दिवस सकाळचं तासभर कोवळं ऊन, मग दोन तास, मग शेडनेटखाली अर्धा दिवस. आठ-दहा दिवसांत रोप तयार होतं. या काळात ग्रिलवर जाळी लावायला विसरू नका. कबुतरं रोपं खातात त्याहून जास्त ती त्यांच्यावर बसून मोडतात.

सप्टेंबर हातचा गेला असेल तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत टोमॅटोचं बी टाकायला हरकत नाही, फळ थोडं कमी मिळेल. त्यानंतर चेरी टोमॅटो लावा, तो उकाड्याला जरा जास्त टिकतो. जानेवारी उजाडला असेल तर ट्रे-दिवे आवरून ठेवा आणि फेब्रुवारीत भेंडी-गवार थेट कुंडीत टोचा.