कोबा वरून कोरडा दिसतो

कोब्यावर, म्हणजे सिमेंटच्या जमिनीवर, लॅमिनेटच्या फळ्या बसवायला गेलं की गिऱ्हाईक आधी रंगाचे नमुने पुढे करतं. मी चपला काढतो आणि अनवाणी खोलीभर फिरतो. निम्मे उंचवटे तळपायालाच कळतात. मग रुपयाचं नाणं घेऊन कोबा ठोकत जायचं. ‘टक’ वाजलं तर ठीक. ‘ढब्ब’ वाजलं की खाली पोकळ आहे. तेवढा भाग छिन्नीने उडवा, धूळ झाडून स्लरी, म्हणजे पातळ सिमेंट, मारा आणि पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूने) भरा.

खरी भानगड ओलीची. नवा कोबा इंचाला साधारण महिना धरून वाळू द्यावा. जुना असला तरी तपासा: दीड फूट चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवा. निदान सोळा तास ठेवायचं, मी दोन रात्री ठेवतो. एक तुकडा बाथरूमच्या भिंतीलगत, दुसरा बाहेरच्या भिंतीपाशी. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळपटला, तर काम थांबवा.

डोंबिवलीत तळमजल्याच्या एका घरात मे महिन्यात प्लास्टिकखाली काही आलं नाही, म्हणून मी फळ्यांखाली ओल अडवायला घालायचा पॉलिथिन कागद घातलाच नाही. ऑगस्टमध्ये फळ्यांचे सांधे पापडासारखे फुगले. भरपाई माझ्या खिशातून. तेव्हापासून तळमजला म्हटलं की २०० मायक्रॉनचा कागद ठरलेला. दोन कागद एकमेकांवर २० सेंटिमीटर चढवायचे, सांध्यावर टेप, आणि कडा भिंतीवर दोन इंच वर. जास्तीचा भाग स्कर्टिंग लावण्याआधी कापायचा.

आता सपाटी. दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आडवी, उभी, तिरकी फिरवा. खाली एक मिलिमीटरच्या सनमायकाचे तीन तुकडे एकावर एक सरकले, तर तिथे खड्डा आहे. खडूने गोल करा. उंचवटा ग्राइंडरने घासायचा, पण मास्क लावूनच, ती धूळ फुफ्फुसात बसते. खड्ड्याला आधी प्रायमर, मग सेल्फ लेव्हलिंग, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारं सिमेंटचं मिश्रण. प्रायमर चुकवला तर बुडबुडे येतात. पाणी गोणीवर लिहिलंय तेवढंच. पेंटरची उरलेली लांबी (पुट्टी) भरू नका, पायाखाली तिचा भुगा होतो.

फळ्यांचे खोके दोन दिवस त्याच खोलीत आडवे ठेवा. कागद अंथरण्याआधी झाडू नाही, व्हॅक्यूम मारा, कोपऱ्यांत दोनदा. फळ्यांखालच्या फोमच्या थराखाली एक खडा राहिला तरी पाय पडला की कुरकुरतो, आणि मग फळ्या उचलण्यावाचून इलाज नसतो.