फावल्या वेळात डोक्याला खुराक देणाऱ्या वेबसाइट कशा शोधाव्यात

'शिकण्यासाठी सर्वोत्तम ५० वेबसाइट' अशी यादी समोर उघडी असेल तर आधी ती बंद करा. या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. यादी करणाऱ्याने त्यातल्या बऱ्याच साइट धड वापरलेल्याही नाहीत, हे दोन ओळींची वर्णनं वाचूनच कळतं. आणि वाचणारा काय करतो? सगळ्या बुकमार्क करतो, त्या समाधानात झोपतो आणि पुन्हा एकही उघडत नाही.

आधी प्रश्न

साइट नंतर, प्रश्न आधी. 'मला खगोलशास्त्र आवडतं' हा प्रश्न नाही. 'उगवताना चंद्र एवढा मोठा दिसतो, मग फोटोत एवढासा का येतो?' हा प्रश्न आहे. तो किरकोळ असला तरी बिघडत नाही, फक्त तुम्हाला खरोखर पडलेला हवा.

मग शोध

विकिपीडियावर त्या विषयाचा लेख उघडा आणि थेट तळाशी जा. इंग्रजी जमत असेल तर इंग्रजी लेखच घ्या, कारण मराठी लेखांखाली संदर्भ बहुधा तुटपुंजे असतात. तळाशी संदर्भ आणि बाह्य दुवे असतात. आसपासच्या चार-पाच लेखांखाली एकच साइट पुन्हा पुन्हा दिसू लागली, की ती आपल्या कामाची असण्याची शक्यता मोठी. तत्त्वज्ञानाच्या लेखांखाली स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञान कोश असाच सारखा भेटतो. तो १९९५ पासून चालू आहे, फुकट आहे, नोंदी त्या त्या विषयाच्या अभ्यासकांनी लिहिलेल्या आहेत आणि वेळोवेळी सुधारल्याही जातात. दुवा मेलेला निघाला तर तो पत्ता वेबॅक मशीन या वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर टाका, जुनी प्रत पुष्कळदा मिळते.

सर्च इंजिनमध्ये नको असलेल्या शब्दाआधी वजाचिन्ह जोडून लिहिता येतं. 'कोर्स' वजा करून बघा, बराच कचरा निघून जाईल.

छाननी: सगळे घसरतात ते इथे

इथवर कोणीही येतं. खरी पंचाईत पुढे आहे, कारण वाईट साइट वाईट दिसत नाही. चित्रं देखणी, भाषा गुळगुळीत, जागोजागी 'तुम्हाला माहीत आहे का?' असे रंगीत चौकोन. वाचताना आपण हुशार होत चाललोय असं वाटत राहतं. ते वाटणं आणि काहीतरी समजणं यांतला फरक ओळखायला मला फार वेळ लागला. 'साइट लोकप्रिय आहे का बघा', 'डिझाइन आधुनिक आहे का बघा' हे सल्ले तिथे काडीच्या उपयोगाचे नव्हते.

नव्या साइटवर गेलात की स्वतःला नीट येणाऱ्या विषयाचं पान आधी वाचा. हिशेब, शिवणकाम, इंजिन दुरुस्ती, काहीही. तुमच्या विषयात गफलत करणारी साइट परक्या विषयात अचूक असेल असं मानायला आधार काय? उलट माणसं नेमका अनोळखी विषय वाचतात आणि भारावून जातात.

आपला विषय तिथे नसेल तर तयार सापळे वापरा. जिभेचं टोक गोड ओळखतं, कडा आंबट आणि मागचा भाग कडू, असा नकाशा छापलेला दिसला की टॅब बंद. मुख्य चवी जिभेच्या सगळ्या चव घेणाऱ्या भागांत कळतात. विमानाच्या पंखाचं स्पष्टीकरणही बघा. पंखावरून आणि पंखाखालून जाणारी हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचलीच पाहिजे, म्हणून वरची वेगाने धावते, असं सांगणारी पानं ढिगाने आहेत. प्रत्यक्षात वरची हवा आधीच पोचते. नासाच्या ग्लेन केंद्राच्या शैक्षणिक पानांवर अशा चुकीच्या उपपत्ती वेगळ्या काढून खोडलेल्या आहेत, आणि 'हे का चुकतं' सांगणारी साइट माझ्या लेखी नेहमी वरच्या रांगेत.

चंद्राचा प्रश्नही उत्तम सापळा आहे. 'वातावरण भिंगासारखं काम करतं' असं लिहिलेलं असेल तर पुढे वाचू नका. क्षितिजावरचा आणि डोक्यावरचा चंद्र कॅमेऱ्यात जवळपास सारखाच भरतो. मोठा दिसतो तो आपल्या नजरेला, आणि का, यावर अजून एकमत नाही. हे एकमत नसणं जी साइट मोकळेपणाने सांगते, ती ठेवा.

दुसरी कसोटी अशी की साइट तुम्हाला चुकू देते का? नुसतं वाचायला लावणाऱ्या साइटपेक्षा काहीतरी करायला लावणारी साइट मला केव्हाही बरी वाटते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पात विजेचं सर्किट पडद्यावर जोडता येतं. बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडा, आग लागलेली दिसेल. किंवा पूर्णांक-मालिकांचा ऑनलाइन कोश घ्या, जो नील स्लोन यांनी १९६४ पासून जमवलेल्या संग्रहातून उभा राहिला. त्यात १, २, ४, ८, १६ टाइप करा. पुढे ३२ हवेतच, पण ३१ येणारी मालिकाही तिथे सापडते. वर्तुळावर बिंदू घेऊन ते एकमेकांना रेषांनी जोडले, तर जास्तीत जास्त किती तुकडे पडतात, त्याची ती मालिका. सहा बिंदू घेऊन कागदावर मोजून बघा, संध्याकाळ तिथेच जाईल. गॅलॅक्सी झू तर खऱ्या दीर्घिकांचे फोटो तुमच्यापुढे ठेवून त्यांचं वर्गीकरण करायला सांगतं. २००७ मध्ये तिथेच हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला एक विचित्र निळसर ढग दिसला. तो पुढे खगोलशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला आणि त्याला नावही तिचंच मिळालं.

एक इशारा. सलग किती दिवस आलात याची साखळी, बिल्ले, गुण यांच्या नादी लागू नका. साखळी तुटू नये म्हणून झोपताना अर्धा मिनिट सोपा धडा उरकणारे लोक मी पाहिलेत, त्याला शिकणं म्हणत नाहीत. नोटिफिकेशन पहिल्याच दिवशी बंद करा. व्हिडिओ बघत असाल तर उत्तर येण्याआधी थांबवा आणि आधी स्वतः उत्तर द्या. समजावणारा इतका छान समजावतो की आपल्याला आलं असंच वाटतं. शंका असेल तर टॅब मिटवून घरातल्या कोणाला तरी तीच गोष्ट सांगून बघा. तिसऱ्या वाक्याला अडखळलात तर पान पुन्हा उघडा.

ठेवणं

बुकमार्कमध्ये पाच-सहापेक्षा जास्त ठेवू नका, आणि प्रत्येकीच्या नावापुढे आपला प्रश्न लिहून ठेवा. महिनाभर न उघडलेली काढून टाका. चांगली असेल तर पुढचा प्रश्न शोधताना कुठल्यातरी लेखाच्या तळाशी पुन्हा भेटेलच.